हिरादादा आणि साडेसहा हजारांची हद्द

हिरादादा म्हात्रे गाडी तपासताना बॉनेट सगळ्यात शेवटी उघडत. आधी गाडीच्या मागे जात, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरत आणि तो हात नाकाशी नेऊन डोळे मिटत. मालक बाजूला उभा राहून गाडीची कहाणी सांगत असायचा, कुठे बंद पडली, कोणी काय बदललं. दादा त्याला म्हणत, "शेट, तुम्ही समोरून चहा घेऊन या. जरा हिला बोलू द्या." मालक परत येईपर्यंत निदान झालेलं असे, आणि ते पुष्कळदा मालकाला आवडणारं नसे. एका बँक मॅनेजरला त्यांनी सांगितलं होतं, "गाडी बरी हाय. तुमचा डावा पाय खराब हाय. क्लचवरनं उचला तो." मॅनेजर पुन्हा आला नाही. दादांना त्याचं काही वाटलं नाही.

"इंजिन खोटं बोलत नाय," ते म्हणत. "मानूस बोलतो, नि मग इंजिनावर ढकलतो."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी हसलो आहे.

पेणच्या बाहेर हायवेच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. वर पाटी नव्हती. वडील खाडीवरच्या मिठागरात कामाला होते. दादा सातवीनंतर शाळा सोडून रेतीच्या लाँचवर गेले आणि तिथल्या डिझेल इंजिनांवर हात बसवला. लाँचच्या धडधडीने उजवा कान अधू झाला होता, म्हणून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून त्याची लाकडी मूठ ते डाव्या कानाला लावत. तसे वाकून उभे राहिले की कोणी हाक मारायची नाही, हा नियम होता. माणसांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती. जो जिथला, त्या गावाने. मी रोह्याचा, म्हणून रोहेकर. खरं तर मी रोह्याचाही नाही, नदीपलीकडच्या अष्टमीचा. पण पूल ओलांडून फरक समजावत बसण्यात अर्थ नव्हता.

वडिलांची जुनी गाडी दाखवायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट विभागात होतो, म्हणजे प्लांटमधली तापमानाची आणि दाबाची यंत्रं सांभाळायचो. हे कळल्यावर दादांनी गाडी बाजूला ठेवली आणि मला तासभर प्रश्न विचारले. दाब मोजता कसा? मोजलेलं मशीनला सांगतं कोण? मशीन ऐकतं कशावरून? पन्नाशीच्या माणसाने इतक्या भुकेने विचारलेले प्रश्न मी त्याआधी ऐकले नव्हते, नंतरही नाहीत.

त्या काळात आमच्या बाजूला इंजेक्शनच्या गाड्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. त्यांना कार्बोरेटर नाही. किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. पेणचे बाकीचे मेकॅनिक अशी गाडी आली की हात जोडून पनवेलला पाठवत. डोलवीच्या स्टील प्लांटमध्ये मोठी कंत्राटं घेणारे एक विलासशेट होते. त्यांचा मुलगा संदेश, चोविसेक वर्षांचा, अशी एक गाडी घेऊन दादांकडे आला. त्याला रविवारच्या शर्यतींचा नाद होता. कुठल्या तरी मोकळ्या मैदानावर एकेक गाडी घड्याळ लावून पळवायची, अशा त्या शर्यती. त्याने मेणकागदात गुंडाळलेला एक कॅमशाफ्ट आणला होता. परदेशातून कोणाच्या तरी बॅगेतून आलेला.

दादांनी तो हातात घेतला, उन्हात नेला आणि त्याच्या एकेका उंचवट्यावरून अंगठा फिरवला. मी त्या दिवशी तिथेच होतो. मला काही कळत नाही हे पाहून त्यांनी समजावलं.

"खाराच्या बांधाला उघाडी असते ना, पानी आत घ्यायची नि सोडायची? इंजिनात तशीच वाल्व असते. ती उघडायचं काम या कॅमचं. जुना कॅम थोडी उघडायचा नि झटकन मिटायचा. ह्यो जास्त उघडतो, नि जास्त वेल उघडी ठेवतो. भरतीला झकास! इंजिन पलत असलं की पोटभर हवा. पन ओहोटीला काय? आत आलेलं परत भाहेर जानार."

"मग?"

"मग काय. बसवून बघू."

बसवला, आणि ओहोटीचं म्हणाले होते तसंच झालं. गाडीने वेग घेतला की वाऱ्यासारखी, पण उभी राहिली की इंजिन घुमायचं. कधी मिनिटाला पाचशे फेऱ्यांवर यायचं, कधी पंधराशेवर जायचं, मध्येच आचके देऊन बंद पडायचं. मागून काळा धूर. दादांनी चार दिवस सगळं करून पाहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी गाडीचा कॉम्प्युटर काढला, अंग पुसायच्या पंच्यात गुंडाळला आणि पेणहून रोह्याची पॅसेंजर पकडून थेट आमच्या कंपनीच्या गेटवर आले.

"रोहेकर, जेट बदलायचाय," ते म्हणाले. "पन जेट ह्या डब्यात हाय." जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडायचं बारीक भोक.

डब्यात एक चिप होती. आमच्याकडच्या कंट्रोलरमध्ये असायची तशीच, पाठीवर काचेची बारीक खिडकी असलेली. ती वाचायचं आणि पुन्हा लिहायचं मशीन आमच्या विभागात होतं. घरच्या कामासाठी ते वापरायला अर्थातच परवानगी नव्हती. मी वापरलं. चिपमधला सगळा मजकूर प्रिंटरवर काढला तर तीसेक पानं झाली, नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. यात पेट्रोल कुठे लिहिलंय हे मला कळण्याचं काही कारण नव्हतं. मी तसं सांगितलं.

दादांनी ती पानं माझ्या घरच्या ओटीवर अंथरली आणि गुडघ्यावर बसले. "आकड्यात अक्षरं कशाला?"

"हे सोळापर्यंत मोजतात दादा. नऊच्या पुढे आकडे संपले, म्हणून अक्षरं."

"बरं." एवढंच. मग शिसपेन्सिल घेऊन ते मोठ्या आकड्यांवर गडद आणि लहान आकड्यांवर फिकट रेघा मारत राहिले. दुपार गेली. माझ्या बायकोने दोनदा चहा ठेवला, दोन्ही गार झाले. पाच वाजता त्यांनी मला हाक मारली. एका पानावर त्यांच्या रेघांचा डोंगर दिसत होता. एका कोपऱ्यात फिका, वर चढत चढत गडद, आणि टोकाशी जरासा उतरलेला.

"हे पेट्रोल," ते म्हणाले. "इंजिनाची भूक अशीच वाढते, नि शेवटी दमते. दुसरं काय असनार?"

ते बरोबर होतं. इंग्रजी अक्षरसुद्धा धड न वाचता येणाऱ्या माणसाने ते हुडकलं होतं, आणि इंजिनिअरिंगची पदविका घेतलेला मी चहाचे कप उचलत होतो.

रोगही त्यांनीच शोधला. गाडीचा कॉम्प्युटर इंजिनातल्या हवेच्या ओढीवरून ओझ्याचा अंदाज घेतो. नव्या कॅममुळे गाडी उभी असतानाही ती ओढ कमी पडायची. "त्याला वाटतं गाडी चढावर हाय," दादा म्हणाले. "म्हनून बिचारा पेट्रोल ओततोय. त्याची चूक नाय. त्याला कोनी सांगितलंच नाय की उघाडी बदलली." मग आम्ही त्याला सांगायला बसलो. डोंगराच्या फिक्या कोपऱ्यातले आकडे कमी करायचे, उभ्या गाडीचा वेग थोडा वाढवून धरायचा, ठिणगी जरा लवकर टाकायची. दर बदलाला चिप पुसावी लागे. आमच्या लॅबमध्ये नमुने तपासायचा अतिनील दिवा होता. त्याच्याखाली अर्धा तास ठेवली की चिप कोरी. मग पुन्हा लिहायची, बसवायची, नागोठण्याच्या रस्त्याला फेरी मारायची, प्लग काढून रंग बघायचा. काळा आला की पेट्रोल जास्त, पांढरा आला की कमी. दादांना गुळाचा रंग हवा होता. गाडी ते स्वतः चालवत, पण बैलगाडीसारखी. जोरात चालवायचं असलं की संदेशला बसवत आणि स्वतः मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकत. प्रत्येक चिपच्या आकड्यांचा कागद ते घरी नेत आणि त्यावर तारीख घालत.

दोन महिने आमचे सगळे रविवार असे गेले. अकराव्या चिपला ते जमलं. गाडी शेडसमोर उभी होती आणि इंजिन नऊशेवर स्थिर चाललं होतं, कॅमची ती जरा लंगडी, खोल लय धरून. दादांनी पंच्याने हात पुसले आणि शेडमागच्या घराकडे तोंड करून ओरडले, "सुमन! भाहेर ये गो! आयक!"

सुमनवहिनी पदराला हात पुसत आल्या, उभ्या राहिल्या, ऐकलं. "आयकलं," त्या म्हणाल्या. "आता जेवाला चला." दादा लहान पोरासारखे हसले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं ते तेवढंच.

संदेशला मात्र अजून एक गोष्ट हवी होती. कंपनीने त्या चिपमध्ये एक हद्द घातलेली असते. इंजिनाचे मिनिटाला साडेसहा हजार फेरे झाले की पेट्रोल बंद. नव्या कॅमला खरा जोर त्याच्याही वर होता. संदेशला साडेसात हजार हवे होते, आणि शर्यत पंधरा दिवसांवर होती.

"नाय," दादा म्हणाले.

"दादा, कॅम त्यासाठीच तर आणलाय."

"कॅम आनलास. स्प्रिंगा आनल्यास? वाल्व मिटायचं काम स्प्रिंगचं. ह्या जुन्या हायत. सात हजाराच्या वर त्यांना पोचता येनार नाय. वाल्व उघडी राहील नि खालून पिस्टन येऊन तिला हानेल. स्प्रिंगा आन, मी सवता हद्द काढतो. तवर नाय."

स्प्रिंगा मागवायच्या तर दोन महिने. संदेश गाडी घेऊन निघून गेला. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी तो अष्टमीला माझ्या घरी आला. त्याने मला काही देऊ केलं नाही, हे सांगितलं पाहिजे. तो म्हणाला, "सर, दादा मेकॅनिक म्हणून ग्रेट आहेत. पण चिपचं डोकं तुमचंच ना? त्यांना कॉम्प्युटर कुठे कळतो! लोक मला विचारतात कोणी केली गाडी, तर मी तुमचं नाव सांगतो."

ओटीवरच्या त्या दुपारपासून माझ्या मनात काय सलत होतं ते मला तोवर माहीत नव्हतं. त्या पोराला माहीत होतं. दोन आकडे बदलायचे होते, एक पेट्रोल तोडण्याचा आणि एक परत जोडण्याचा. ते कुठे आहेत हे दादांनीच मला बोट ठेवून दाखवलं होतं. शनिवारी संदेशने चिप काढून आणली आणि मी ते बदलले. दादांना विचारलं नाही. सोमवारी सांगू, असं स्वतःला सांगितलं. सोमवारी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात वडखळच्या पुढे सरळ रस्त्यावर संदेश गाडीचा वेग आजमावत होता. इंजिन जागच्या जागी फुटलं आणि जाम झालं, पुढची चाकं अडकली, गाडी गोल फिरून झाडावर गेली. तो वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी विलासशेटची माणसं दादांच्या शेडवर आली. त्यांनी दादांना हात लावला नाही. फक्त शेडचे पत्रे उचकटले, आणि ते चालू असताना विलासशेट रस्त्यावर उभे राहून मोठ्याने सांगत होते, "लाँचवाल्याच्या हातात पोराची गाडी दिली! चूक माझीच!" दादा बाजूला उभे होते. शेजारच्या टपऱ्यांमधून माणसं बघत होती. त्यातल्या प्रत्येकाची गाडी दादांनी कधी ना कधी चालती केली होती.

पोलिसांनी पंचांसमोर इंजिन उघडायला लावलं. उघडून दिलं दादांनीच, दुसऱ्या कोणाला ते जमत नव्हतं. पिस्टनच्या माथ्यावर वाल्वचा अर्धचंद्र उमटला होता. पंचांना त्यातून काही कळलं नाही. त्यांनी "गाडीत बेकायदा बदल" असं लिहून घेतलं.

त्याच दुपारी दादा माझ्या दारात उभे होते. हातात ती चिप. गाडीतून कशी काढून आणली, मी विचारलं नाही.

"वाच," ते म्हणाले.

"दादा, बसा तर खरं."

"वाच रे."

आम्ही माझ्या स्कूटरवर कंपनीकडे गेलो. ते गेटबाहेर थांबले आणि मी आत जाऊन चिप वाचली. खोटा कागद काढता आला असता. तो विचार मनात आला, हेही लिहून टाकतो. पण हात चालेना. कागद आणून दिला. त्यांनी खिशातून घडी घातलेला जुना कागद काढला, अकराव्या चिपचा, आणि दोन्ही माझ्या स्कूटरच्या सीटवर शेजारी शेजारी ठेवले. बोट ओळीओळीने खाली येत गेलं. एका ठिकाणी थांबलं. मग शेजारच्या आकड्यावर सरकलं आणि तिथेच राहिलं.

"कवा केलंस?"

"शनिवारी. अपघाताच्या आदल्या."

"मना विचारलं असतंस तर मी नाय म्हटलं असतं." ते माझ्याकडे नव्हे, कागदाकडे बघत होते. "म्हनून नाय विचारलंस."

मी काहीतरी बोललो. संदेशने आग्रह केला, मला वाटलं तो एवढ्या वर नेणार नाही, असलं काही. दादांनी ते पुरं होऊ दिलं.

"पोलिसाला सांगशील?"

"दादा, कंपनीचं मशीन वापरलंय. नोकरी जाईल. घरी..." बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. ते त्यांना माहीत होतं. तिने त्यांना वाढलं होतं.

"बरं," ते म्हणाले. दोन्ही कागदांची एकच घडी केली, खिशात घातली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.

मी वाट पाहिली. आठवडे, मग महिने. गेटवर पोलिसांची जीप दिसली की मी लॅबच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहायचो. कोणी आलं नाही. निष्काळजीपणाचा खटला पेणच्या कोर्टात उभा राहिला, तारखा पडत गेल्या. संदेश गप्प राहिला, कारण खरं सांगितलं तर हट्ट कोणाचा होता तेही सांगावं लागलं असतं. दादाही गप्प राहिले. शेवटी तडजोड झाली. दादांनी पुन्हा गॅरेज चालवायचं नाही, असं ठरल्याचं कानावर आलं. तशीही गाडी घेऊन कोणी येत नव्हतं. डोलवीला जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा मालक विलासशेटला ओळखत होता.

त्या मौनाचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. दादांनी मला वाचवलं. मोठं मन. माझ्या मुलीकडे बघून सोडून दिलं. दोन वर्षं मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की चारचौघांत त्यांना देवमाणूस म्हणायला लागलो, आणि त्याचंही मला बरं वाटायचं.

मग एकदा पेणच्या बाजारात सुमनवहिनी भेटल्या. सुकी मासळी घेत होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "वहिनी, दादांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

"कसले उपकार?"

"त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

त्यांनी हातातली मासळी परत टोपलीत ठेवली. "मी म्हटलेलं त्यांना, जावा ते कागद घेऊन, दाखवा साहेबाला. तर म्हनाले, कागद वाचनारा सगल्या तालुक्यात एकच मानूस हाय. कोर्ट त्यालाच बोलावनार, नि तो खोटं वाचनार." मग मासळीवाल्या बाईकडे वळून म्हणाल्या, "हा वाटा दे गो." माझ्याशी पुढे बोलल्या नाहीत.

मी दादांना शेवटचं पाहिलं ते कासू स्टेशनावर. माझी पेणहून येणारी गाडी समोरच्या गाडीसाठी तिथे थांबली होती. मधल्या रुळापलीकडच्या फलाटावर कंत्राटी कामगारांचा घोळका होता, आणि त्यात दादा. अंगात कोणा ठेकेदाराचा निळा शर्ट, हातात पिवळं हेल्मेट, दाढी पांढरी झालेली. डोलवीला ते पंपांवर हेल्पर म्हणून लागल्याचं मी ऐकलं होतं. ते माझ्या खिडकीच्या अगदी समोर, एका रुळाच्या अंतरावर उभे होते. मी खिडकीच्या गजाला धरून म्हणालो, "दादा."

अधू कान माझ्या बाजूला होता. त्यांना ऐकू आलं नसावं. पण शेजारच्या माणसाने ऐकलं आणि त्यांना कोपर लावलं. "म्हात्रे, तुम्हाला हाक मारतायत. वलखीचे हायत काय?"

दादा वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओझरतं नाही, चांगलं निरखून, घाई न करता. त्या नजरेत राग असता तर मी गाडीतून उतरलो असतो.

"नाय," ते त्या माणसाला म्हणाले. "दुसऱ्या कोनाला मारली असंल."

समोरची गाडी धडधडत मध्ये येऊन थांबली. ती निघून गेली तेव्हा फलाट रिकामा होता, आणि आमची गाडी नागोठण्याकडे निघाली.